ग्रहणातली भेंडी

वारजे,
२० जुलै २०२५

प्रिय शकूआत्या,
जयभीम.

कुटुंबाच्या ग्रुपमधून तू बाहेर पडलीस त्याला वर्ष झालं. ग्रहणात परातीत मुसळ उभं राहतं असा व्हिडिओ टाकणाऱ्या काकांनी अजून माघार घेतलेली नाही, आणि तू अजून फोन फक्त गॅस नोंदवायला वापरतेस. म्हणून हे पत्र. ‘ज्याला खरंच उत्तर हवं असेल तो दोन पानं लिहील’ हे तुझं वाक्य बाबा जेवताना तुझ्याच आवाजात म्हणून दाखवतात.

मला खरंच उत्तर हवं आहे.

पंधरा दिवसांपूर्वी ऑफिसात डबा काढताना पिशवीत एक पत्रक सापडलं. बाणेरच्या एका प्लास्टिक सर्जनचं. ओठांच्या सगळ्या प्रकारच्या शस्त्रक्रियांची यादी होती आणि ‘जन्मतः दुभंगलेल्या ओठाचा व्रण सुधारणे’ या ओळीखाली जांभळ्या शाईची रेघ. तो पेन आईचा. दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर ती त्याच पेनानं दिवसभर लोकांची नावं लिहिते.

माझा ओठ तू माझ्याआधी पाहिला आहेस. तिसऱ्या महिन्यात शिवला, उजव्या नाकपुडीखाली रेघ राहिली आणि कडेला छोटीशी खाच. पण आपल्या घरात पंचवीस वर्षांत त्याबद्दल कुणी चांगलं किंवा वाईट काहीच बोललेलं नाही. शाळेत मुलं काय म्हणायची ते मी घरी कधी सांगितलं नाही, कारण त्यासाठी आधी ओठाचा विषय काढावा लागला असता. आणि आता एकदम रेघ मारलेलं पत्रक! आईला विचारलं तर म्हणाली, “हवं तर जा, नको तर रद्दीत घाल.”

मी गेले. खराडीच्या ऑफिसात माझ्या शेजारी अरिबा बसते, तिनं नेलं. तिनं मे महिन्यात ओठ भरून घेतले, मग दोन दिवस तिचा चहा हनुवटीवरून ओघळत होता. “ऐकून तर ये, सर्जन काय धरून टेबलवर झोपवणार आहे का?” असं तिचं म्हणणं.

सर्जनबाई पन्नाशीच्या आहेत. त्यांनी विचारलं, “कुणी पाठवलं?” मी म्हटलं, आईनं. “मग आईंचा ओठ बघू का?” म्हणाल्या. पुण्याच्याच आहेत.

त्यांनी आरशात दाखवून समजावलं. जुना व्रण उघडून कडा पुन्हा जुळवायच्या, खाच भरायची. रेघ जाणार नाही, बदलेल. लाली उतरायला कित्येक महिने. क्वचित कुणाला फरकच वाटत नाही. मी तंबाखू खात नाही ना, रक्त पातळ करणारी औषधं घेत नाही ना, व्रण फुगून जाड होण्याची सवय आहे का, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, तब्येतीनं तुम्ही योग्य आहात, मनानं आहात का ते मला कळत नाही. ऑपरेशननंतर काय बदललेलं हवं ते एका वाक्यात लिहून आणा. तोवर तारीख नाही.

मी चार वाक्यं लिहिली, चारही खोडली. आत्या, करावं का मी हे? आणि आईला हे आत्ताच का सुचलं?

तुझी,
दीक्षा

*

मांजरी,
२६ जुलै २०२५

चि. दीक्षा,
जयभीम.

तुझं पत्र पाचव्या दिवशी पोचलं. शहराच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत चालत आलं असावं. हातानं लिहिलेला पत्ता पाहून पोस्टमननं विचारलं, “बाई, कोर्टाचं तर नाही ना?” लोकांना आता पत्राची भीतीच वाटते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. ओठाचं काम खाणं, पिणं, बोलणं. तुझा ओठ ही तिन्ही कामं करतो. बोलण्याचं जरा जास्तच करतो. जो अवयव नीट चालतो त्याच्यावर सुरी चालवायची असेल तर कारण तसंच भक्कम पाहिजे, आणि तुझ्याकडे चार खोडलेली वाक्यं आहेत. ज्या कारणाचं एक वाक्यही उभं राहत नाही त्याच्यासाठी भूल घ्यायची नसते. तुझी ती सर्जन बाई शहाणी दिसते. माझ्या वर्गात असती तर पहिल्या बाकावर बसली असती.

आईचं म्हणशील तर मुलगी पंचविशीत आली की आयांना स्थळं दिसू लागतात. यशोधरा त्याला अपवाद असेल असं मला वाटलं होतं, नसेल. तिच्यावर रागावू नकोस, पण तिच्या हौसेसाठी तोंड शिवून घेऊ नकोस.

घरात ओठाविषयी कुणी बोललं नाही, कारण कुणाला तो खटकला नाही. याहून जास्त अर्थ त्यात शोधू नकोस. पत्रक रद्दीत घाल.

रामदासला सांग, माझी नक्कल करताना तो नाकात बोलतो. मी नाकात बोलत नाही.

तुझी,
शकूआत्या

*

वारजे,
३ ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून मला राग आला. तुझा नाही, आईचा. मग तुझाही थोडा आला.

स्थळासाठी असेल तर मी हे करणार नाही. आजोबांनी छप्पन साली देवघर उतरवलं त्या घरात मुलगी दाखवण्यासाठी तिचा ओठ सरळ करायचा? पण इथेच माझी पंचाईत झाली आहे. खरं सांगू, मलाही ते थोडंसं हवं आहे. आरशासमोर सर्जनबाईंनी बोटानं ती खाच हलकेच वर उचलली तेव्हा मला बरं वाटलं. म्हणजे आईच्या कारणाला नाही म्हणायचं तर मला माझी स्वतःची इच्छाही सोडावी लागणार. हे मला मान्य नाही. आईचं कारण काय ते मला नक्की कळायला हवं, म्हणजे माझं वेगळं काढता येईल.

सर्जनबाईंनी पहिल्या ऑपरेशनचे कागद मागितले होते, म्हणून कपाट उघडलं. फाइलमध्ये कागदांच्या मधोमध एक फोटो सापडला. शाळेचं मैदान, कापडी फलक, त्यावर ‘ग्रहणाला घाबरू नका’. पुष्कळ माणसं, डोळ्यांना काळे चष्मे, सगळी वर बघताहेत. तूही, हात कमरेवर. पुढे सतरंजीवर आई, पोट दिसतं आहे, पाय विळीवर, समोर परातीत चिरलेली भेंडी. ती एकटीच खाली बघते आहे. मागे तुझ्या अक्षरात तारीख: ११-८-९९.

मी त्या वर्षीच्या डिसेंबरची. म्हणजे या फोटोत मीही आहे.

हा माझ्या दवाखान्याच्या फाइलमध्ये कशाला ठेवला असेल? आईला अजून विचारलेलं नाही. आधी तुला विचारते, कारण अक्षर तुझं आहे.

दीक्षा

*

वारजे,
१५ ऑगस्ट २०२५

आत्या,

बारा दिवस झाले. पोस्टाला दोष देऊ नकोस. या वेळी स्पीड पोस्टनं पाठवलं होतं, सहा तारखेला तू सही करून घेतलंस हे मला मोबाइलवर दिसलं.

ओठाविषयी न बोलणाऱ्या माणसांत मी तुला धरत नव्हते.

दीक्षा

*

मांजरी,
१९ ऑगस्ट २०२५

चि. दीक्षा,

तुला मी खोटं लिहिलं. स्थळांचं मनानं रचलं होतं. सदतीस वर्षं मुलांना ‘निरीक्षण आधी, अनुमान नंतर’ शिकवलं आणि स्वतः उलट वागले. आता क्रमानं लिहिते.

तेव्हा आपण सगळे येरवड्याला राहत होतो. त्या ऑगस्टमध्ये सूर्यग्रहण होतं. वस्तीत नेहमीप्रमाणे सुरू झालं: पोटुशी बाई ग्रहणात विळीला हात लावेल तर मूल ओठफाटकं होईल. आपल्या समाजातल्या घरांतूनही हे चालायचं. दीक्षा घेतल्यावर देव गेले, पण आज्ज्या घरातच राहिल्या होत्या ना! मी तेव्हा महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवत होते आणि मला फार चेव होता. मी शाळेच्या मैदानावर जाहीर कार्यक्रम ठेवला. गरोदर बायांनी यावं, ग्रहणात सर्वांसमोर भाजी चिरावी. वस्तीत सहा जणी होत्या. एकही आली नाही. मग मी घरच्या माणसाला बसवलं.

यशोधराला पाचवा महिना होता. मी तिला विचारलं नाही, सांगितलं. ती सत्तावीस वर्षांची, मी मोठी नणंद, आणि तुझे आजोबा हिंमतराव अध्यक्षांच्या खुर्चीवर. ती जाऊन सतरंजीवर बसली. संध्याकाळी आभाळ भरून आलं होतं, ग्रहण कुणालाच दिसलं नाही. तरी टाळ्या पडल्या. भेंडीची भाजी करून आम्ही सगळ्यांना वाटली.

डिसेंबरात तू झालीस.

वस्तीतल्या बाया तुला बघायला यायच्या आणि माझ्याकडे बघून जायच्या. वर्षभरानं रामदासनं वारज्याला घर घेतलं, ते ‘ऑफिसला जवळ पडतं’ म्हणून. त्याचं ऑफिस विश्रांतवाडीला, येरवड्याच्या शेजारीच होतं.

आता शास्त्र. गर्भाचा वरचा ओठ सातव्या आठवड्याच्या आसपास जुळून पुरा होतो. त्या दिवशी तू पाच महिन्यांची होतीस. तुझा ओठ जसा व्हायचा तसा आधीच झालेला होता. विळीचा, सूर्याचा, चंद्राचा काही संबंध नाही. तू झालीस त्याच आठवड्यात वाचनालयात जाऊन मी हे काढलं आणि वहीत उतरवून ठेवलं. यशोधराला एका ओळीत सांगता आलं असतं. पण सांगायचं म्हणजे तिच्या मनात ती शंका आहे असं धरायचं, आणि आपल्या घरातल्या बाईच्या मनात अशी शंका आहे असं धरणं हा तिचा अपमान झाला असता. असं मी स्वतःला समजावलं. मग एक वर्ष गेलं, मग पाच, मग विषय काढायचीच चोरी झाली.

माझं अनुमान असं: तुझी आई पंचवीस वर्षं स्वतःला दोष देत आली आहे. फोटो त्या फाइलमध्ये ठेवला तो म्हणूनच. आता सेवानिवृत्ती पाच वर्षांवर आली, हातून झालेलं निस्तरायचं म्हणून तिनं रेघ मारली. तिला तो सातवा आठवडा सांग. मला तोंड नाही.

शकूआत्या

*

वारजे,
२४ ऑगस्ट २०२५

आत्या,

तू हे लिहिलंस ते बरं केलंस. मला वाईट वाटलं, पण गोष्ट माझी होती आणि ती मला सोडून सगळ्या वस्तीला माहीत होती, याचं जास्त वाटलं.

आईला सांगण्यापेक्षा मी तुझं पत्रच तिच्या हातात दिलं. ओट्याशी उभी राहून तिनं ते पुरतं वाचलं. सातव्या आठवड्यापाशी थांबली नाही, पुढे गेली. शेवटच्या परिच्छेदाला थांबली. घडी केली, डब्याखाली ठेवली आणि म्हणाली, “ताईंना असं वाटतं होय? मला त्यांचा पिनकोड दे.” बस्स. रडली नाही, सुटल्यासारखीही दिसली नाही. मला काही उलगडलं नाही.

मधल्या काळात मी सर्जनबाईंकडे जाऊन आले. माझं पहिलं वाक्य होतं, ‘लोकांनी ओठाकडे बघू नये.’ त्या म्हणाल्या, “लोकांचं ऑपरेशन मी करत नाही.” मी तिथेच बसून दुसरं लिहिलं: ‘उजवीकडची खाच भरून ओठाची कड सलग दिसावी.’ त्यांनी चष्मा काढून वाचलं आणि म्हणाल्या, “हे जमण्यासारखं आहे. बऱ्यापैकी. यापुढचं काही मनात धरलं असेल तर ते इथेच ठेवून जा.”

तारीख सात सप्टेंबर मिळाली आहे. रविवार. आयटीवाल्यांसाठी त्या रविवारीच करतात. एरवी दोन-दोन महिने नंबर लागत नाही, पण सात तारखेला चंद्रग्रहण आहे आणि त्याला लागून पितृपक्ष, म्हणून तिघांनी तारखा बदलून घेतल्या. रिसेप्शनवरची मुलगी दबकत म्हणाली, “मॅम, तुम्हाला चालेल ना?” बाबांना सांगितलं तर ते इतके खूष झाले की आजोबांच्या फोटोकडे बघून हसले.

पण मी अजून होकार कळवलेला नाही. तीन तारखेपर्यंत कळवायचं आहे. तुझं अनुमान खरं असेल तर आईला माझा ओठ नको, माफी हवी आहे. मग मी ही तारीख सोडणार. कुणाच्या अपराधाची फेड म्हणून मी पुन्हा टाके घालून घेणार नाही. तिनं तुला काय लिहिलं ते मला कळव.

दीक्षा

*

वारजे,
२७ ऑगस्ट २०२५

ती. ताईंस,
सप्रेम जयभीम.

आज गणपतीची सुट्टी, खिडकी बंद, म्हणून बसून लिहिते. मला लिहायची सवय नावं, वय आणि तक्रार एवढीच. चुकलं तर समजून घ्या. पाकीट उघडंच ठेवणार आहे. दीक्षाला सांगितलं आहे, वाचून मग पेटीत टाक.

ताई, मी त्या दिवशी भेंडी चिरली नव्हती.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी माझी आई सोजरबाई आली होती, तुम्हाला आठवत असेल. ती तुमच्यासमोर काही बोलली नाही. मागच्या दारी मला म्हणाली, “तुझ्या सासरचे शिकलेले हायेत, त्यांचं ऐक. पर ग्रहणात इळीला हात लावू नगं, माझी आन हाय.” मी कुणाचं ऐकणार? तुम्हाला नाही म्हणायची माझी छाती नव्हती आणि तिलाही दुखवायचं नव्हतं. मग मी सकाळीच भेंडी चिरून परातीत घेतली, वर ओला फडका टाकला. मैदानावर विळीवर पाय ठेवून बसले आणि चिरलेलेच तुकडे या हातातून त्या हातात करत राहिले. कुणाच्या लक्षात आलं नाही. तुम्ही सगळे वर बघत होता. ढगांकडे.

फोटो काढून नीट बघा. विळीचं पातं चकचकीत आहे. भेंडी चिरल्यावर पातं असं राहतं का? चिकटा कुठे आहे? आणि परातीत, सतरंजीवर, कुठेही अख्खी भेंडी एक नाही. मला तेव्हा धाकधूक होती, ताई विज्ञानाच्या बाई आहेत, फोटो आला की ओळखतील. तुम्ही ओळखलं नाहीत.

दीक्षा झाली तेव्हा पहिल्या रात्री मला काय वाटलं सांगते. मी सगळं पाळलं होतं. विळी पाळली, सुई पाळली. तरी पोरीचा ओठ असा. म्हणजे पाळण्यात काही नाही. त्या रात्री माझ्या मनातलं ग्रहण जे गेलं ते कायमचं. तुमच्या भाषणानं गेलं नव्हतं, तिच्या ओठानं गेलं. मी स्वतःला कधीच दोष दिला नाही. फोटो फाइलमध्ये ठेवला कारण तिच्याबरोबरचा तो माझा पहिला फोटो आहे. दुसरं काही नाही.

तुम्हाला सांगितलं नाही, कारण सांगायचं तर मी तुमच्या कार्यक्रमात लबाडी केली हे कबूल करावं लागलं असतं. मामंजी होते तोवर ते शक्य नव्हतं. आणि तुम्ही येणं कमी केलंत. मला वाटायचं, ओठवाली मुलगी झाली म्हणून ताईंच्या कार्यक्रमाला बट्टा लागला, म्हणून त्या माझ्यावर नाराज आहेत. तुम्हाला वाटायचं मी नाराज आहे.

आता रेघ. त्यात गूढ काही नाही. ती हसताना हात तोंडावर नेते. लहानपणी नव्हती नेत. कॉलेजात जायला लागली तेव्हापासून. सात वर्षं मी बघते आहे. खिडकीवर दिवसाला शंभर माणसांना मी विचारते, काय होतंय? हिला विचारता आलं नाही. या घरात तो विषय काढायचा नाही असं ठरलं होतं. कुणी ठरवलं, माहीत नाही. मग पत्रक आलं हातात, तर मी रेघ मारली. तिनं करावं असं माझं म्हणणं नाही, करू नये असंही नाही. तिला काय होतंय ते कुणीतरी विचारावं एवढंच होतं. त्या सर्जनबाईंनी विचारलं, माझं काम झालं.

एक राहिलं. राग मला एकाच गोष्टीचा आला होता. भेंडीचा नाही. तुम्ही मला विचारलं नाहीत.

तुमची,
यशोधरा

*

मांजरी,
३१ ऑगस्ट २०२५

प्रिय यशोधरा,
जयभीम.

तुझं पत्र काल आलं. माझ्याकडची फोटोची प्रत काढली. भिंग घेऊन बसले. पातं चकचकीत आहे.

अख्खी भेंडी एकही नाही. मी तो फोटो इतक्या वर्षांत किती वेळा काढून पाहिला असेल, दर वेळी फक्त तुझं पोट पाहिलं.

आता माझं ऐक. तो सातवा आठवडा मी वहीत उतरवला, हे दीक्षाला लिहिलं. पण ती वही मी दर डिसेंबरात उघडत होते हे लिहिलं नाही. ज्याची खात्री पटते तो एकदा वाचतो. मी पंचवीस वेळा वाचलं. तू ग्रहण पाळलंस आणि एका रात्रीत सोडून मोकळी झालीस. मी भर मैदानात ग्रहण मोडलं आणि आयुष्यभर सांभाळत बसले. घरात ग्रहण मानणारं कुणी असेल तर ती मीच. हे लिहिताना मला लाज वाटते आहे आणि हलकंही वाटतं आहे, दोन्ही एकदम. असं होतं हे मला माहीत नव्हतं.

दीक्षानं सात तारीख लिहिली तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं ते तुला सांगून टाकते. तारीख बदलून घे. मी पोस्टकार्डही लिहिलं होतं. टाकलं नाही.

तू म्हणतेस ते खरं. मी तुला विचारायला हवं होतं. भेंडी चिरशील का, एवढंच वाक्य होतं. माझं चुकलं, यशोधरा. मला माफ कर.

आता विचारते. सात तारखेला मी आले तर चालेल का?

शकू

*

वारजे,
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय आत्या,

बोलायची फार परवानगी नाही, लिहायची आहे. टाके शुक्रवारी निघाले. ओठ अजून सुजलेला, रेघ लालभडक, पहिल्यापेक्षा जास्त दिसते. कड सलग झाली की नाही हे सर्जनबाईंना विचारलं तर म्हणाल्या, “वर्षानं विचारा.” अरिबा म्हणते, इतके पातळ ओठ ठेवून फायदा काय!

होकार मी आईचं पत्र पेटीत टाकून परतले त्याच दिवशी कळवला होता. आईला माफी नको होती, फेड नको होती, लग्न नको होतं. तिचं कारण बाजूला काढायचं म्हणून मी इतकी धडपडले आणि बाजूला काढायला तिच्याकडे काही नव्हतंच. उरली माझी एक ओळ. तेवढ्यावर मी गेले. पस्तावा झाला तर तोही माझाच असेल, आणि मला त्याची भीती वाटत नाही. म्हणजे थोडी वाटते.

पण लिहायचं आहे ते वेगळं. तुला वाटतं कुणी पाहिलं नाही.

मला खोलीत आणलं तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. वरच्या टीव्हीवर, आवाज बंद, ग्रहणाचे वेध लागल्याची पट्टी फिरत होती. माझ्या तोंडाचा अर्धा भाग बधिर होता, डोळे मात्र उघडे होते. तू आणि आई बाकावर शेजारी शेजारी बसला होतात, लग्नाला आलेल्या दोन अनोळखी बायकांसारख्या. आईनं पिशवीतून सफरचंद काढलं, सुरी काढली आणि दोन्ही तुझ्यापुढे धरलं. म्हणाली, “ताई, चिरता का?”

तू घड्याळाकडे बघितलंस, आत्या. अगदी अर्धा क्षण, पण बघितलंस.

आईनंही ते पाहिलं. चेहरा न हलवता म्हणाली, “नसेल चालत तर मी सकाळीच चिरून आणलेलंही आहे.” आणि खरोखरच पिशवीतून डबा काढला.

तू सुरी घेतलीस, सफरचंद घेतलंस, आणि इतक्या जोरात चिरलंस की अर्धी फोड माझ्या पलंगाखाली गेली.

तेव्हा मला हसू आलं. टाके ओढले गेले, डोळ्यांत पाणी आलं. हात सवयीनं वर गेला आणि ओठाला हात लावायचा नाही हे आठवून हनुवटीपाशी थांबला. तिथेच राहिला. तुम्ही दोघी माझ्याकडे बघत होता आणि मी तशीच हसत होते.

तुझी,
दीक्षा